परदेशात एमबीबीएस करताना पेशंटपर्यंत पोचायचं कसं

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, कुठल्याही जिल्ह्याच्या गावी एखाद्या लॉनवर ‘परदेशात एमबीबीएस’चं मार्गदर्शन शिबिर भरतंच. पालक पुढच्या रांगेत, पोरं मागे मोबाइल पाहत. प्रश्न ठरलेले असतात. मेसमध्ये पोळी मिळते का, थंडी किती पडते, फीचे हप्ते पाडून मिळतात का. माझ्या बाबांनीही हेच विचारलं होतं आणि मी तर तेवढंही विचारलं नव्हतं. पेशंटला हात लावायला कोणत्या वर्षापासून मिळणार आणि त्या पेशंटशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे त्या शिबिरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी किर्गिझस्तानात, बिश्केकला शिकले. आता आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात इंटर्नशिपची पोस्टिंग करते आहे. मला तिसऱ्या वर्षी जे कळलं ते तुम्हाला निघायच्या आधी कळावं म्हणून हे लिहिते. तुम्ही रशियाला जा, कझाकस्तानला जा नाहीतर जॉर्जियाला; शब्द बदलतील, कामाची रीत तीच राहील.

निघायच्या आधी

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशी पदवीधरांसाठी नियम काढले, ते मुळातून वाचा. माझ्या वेळी नियम वेगळे होते, तुम्हाला हे लागू आहेत. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवं आणि त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. पदवी अशी हवी की तिच्यावर त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने प्रॅक्टिसचा परवाना मिळू शकेल. प्रवेशापासून १० वर्षांच्या आत सगळं उरकायचं. ‘नीट’ ही आपली प्रवेश परीक्षा पास असणं तर लागतंच.

त्यातलं एक कलम लोक वाचत नाहीत. शिक्षणाचा किंवा तिकडच्या इंटर्नशिपचा कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही. म्हणजे “शेवटचं वर्ष नागपूरला करून देतो” असं कोणी म्हणालं की चहा पिऊन उठून यायचं.

मग तिथे आत्ता चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेला कोणीतरी शोधा. शिबिराच्या स्टेजवर बसवलेला सीनियर नको, त्याला बहुतेक वेळा माणशी काहीतरी मिळत असतं. त्याला इमारतीचे फोटो मागू नका. हॉस्पिटल विद्यापीठाचं स्वतःचं आहे की शहरातलं सरकारी? आठवड्यातून किती दिवस नेतात? एका ग्रुपमध्ये किती पोरं? पलंग भरलेले असतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चकचकीत टाइल्सचं कॉलेजचं हॉस्पिटल आणि त्यात चार पेशंट, असंही असतं. त्यापेक्षा जुनाट, फिनेलचा वास मारणारं सरकारी हॉस्पिटल कितीतरी बरं.

हिपॅटायटिस बीची लस निघण्याच्या आधी सुरू करा. तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. लहानपणी घेतली असेल तरी अँटीबॉडीची पातळी तपासून घ्या. सुई टोचल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

पहिली दोन वर्षं: एक वही

माध्यम इंग्रजी असतं, पण ते वर्गातलं. पेशंटला इंग्रजी येत नाही, आणि यावी तरी का? आपल्या मारेगाव-झरीच्या पेशंटला येते का?

पहिल्या वर्षी भाषेचे तास असतात. त्यात दुकान, हवामान, माझं कुटुंब असं शिकवतात. पोरं परीक्षेपुरतं पाठ करतात आणि तिसऱ्या वर्षी वॉर्डात मुक्याने उभी राहतात. मीही त्यातलीच. तुम्ही पहिल्या महिन्यातच खिशात मावेल अशी वही करा आणि शरीराच्या शब्दांपासून सुरुवात करा. शब्द देवनागरीत लिहा. बिश्केकच्या हॉस्पिटलात रशियन चालतं, आणि रशियन उच्चार रोमन अक्षरांपेक्षा आपल्या लिपीत फार बरे बसतात. ‘श्तो वास बिस्पकोइत’ म्हणजे काय त्रास होतोय. ‘ग्द्ये बलीत’, कुठे दुखतं. ‘काक दावनो’, किती दिवसांपासून. ‘दिशीते’, श्वास घ्या. ‘ने दिशीते’, रोखून धरा. एवढ्या पाच वाक्यांवर छाती तपासता येते. चहाला तिथेही ‘चाय’च म्हणतात, तेवढं एक फुकटात मिळालं.

रशियन जमायला लागलं तेव्हा कळलं की खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं रशियन बोलतच नाहीत, किर्गिझ बोलतात. वहीत नवीन रकाना पाडला. ‘कायसी जेरिङिझ ओरुयत’, म्हणजे कोणती जागा दुखते. मोठ्या बाईला ‘एजे’ म्हणायचं, मोठ्या माणसाला ‘बायके’. आपण ताई, काका म्हणतो तसंच. नुसतं नाव घेऊन हाक मारली तर माणूस बोलतो, पण तोडून बोलतो.

आपल्याकडेही असंच आहे की. पुस्तकात ‘मळमळ’ असते, पेशंट म्हणतो “कसनुसं होऊन रायलं”. पुस्तकात अशक्तपणा, पेशंटचे “हातपाय गयून गेले”. तेव्हा जायच्या आधी वहीची पहिली चार पानं स्वतःच्या आजीला विचारून भरा. ती भाषा परत आल्यावर लागणारच आहे, आणि दुखणं ऐकायची सवय घरापासून लागते.

वॉर्डाचं दार

त्या भागात हॉस्पिटलात शिरायला आधी आरोग्यतपासणीचं पुस्तक लागतं, ‘सान-क्नीझका’. रक्त, छातीचा एक्स-रे वगैरे करून त्यावर शिक्के घ्यायचे. पांढरा कोट, टोपी आणि आत घालायचे वेगळे बूट. बाहेरच्या चिखलाचे बूट घालून आत गेलात तर सफाईवाली मावशी प्रोफेसरपेक्षा मोठ्याने ओरडते. कोट दोन शिवून न्या, हिवाळ्यात एक वाळत नाही.

क्लास असतो तेव्हा बारा-पंधरा पोरं एका पलंगाभोवती उभी असतात. सर तपासतात, इंग्रजीत सांगतात, पोरं लिहून घेतात. पोटाला हात लागतो तो पहिल्या दोघांचा, बाकीच्यांना मागून पेशंटचे पाय दिसतात. याला क्लिनिकल अनुभव म्हणू नका.

खरी वेळ क्लास सुटल्यावरची. पोरं बस पकडायला पळतात. तेव्हा थांबा आणि डॉक्टरकडे न जाता आधी सिस्टरकडे जा. तिला तिथे ‘मेदसेस्त्रा’ म्हणतात, शब्द ओळखीचाच आहे. वॉर्ड तिचा असतो. मी पहिले दोन आठवडे नुसते बीपी मोजून दिले, थर्मामीटर लावले, पट्ट्या कापल्या. सुट्टीहून परतताना नागपूरची संत्रा बर्फी नेली. तिसऱ्या आठवड्यात तिनेच मला एका पलंगाकडे ढकललं आणि म्हणाली, ह्या आजोबांच्या लिव्हरमध्ये गाठ आहे, तपास.

आजोबा मेंढपाळ होते. हायडॅटिड सिस्ट, म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या जंतापासून होणारी पाण्याची गाठ. आपल्याकडे पुस्तकात एक पान वाचून सोडून देतो तो आजार तिकडे नेहमीचा, कारण मेंढ्या आणि त्यांच्या मागची कुत्री. पुस्तकात वाचलेला प्रश्न मी जुळवून विचारला, कुत्रं आहे का? आजोबा हसले आणि बोटांवर मोजून त्यांनी तीन कुत्र्यांची नावं सांगितली. मग माझा हात धरून स्वतःच बरगडीखाली ठेवला. लिव्हरची कड बोटाला पहिल्यांदा लागली ती तिथे. तसंच ब्रुसेलोसिसचं, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचं. अंगदुखी, ताप आणि रात्रीचा घाम घेऊन लोक येतात, सांधे धरलेले असतात, आणि कच्च्या दुधाचं विचारल्याशिवाय निदानाची दिशा सापडत नाही.

माझी चूक

चौथ्या वर्षाची गोष्ट. एका बाईची हिस्टरी घेत होते. ती भरभर बोलत होती, मी ‘दा, दा’ म्हणत मान हलवत होते. तिच्या बोलण्यात ‘नेपेरेनोसिमस्त’ असा लांबलचक शब्द दोनदा आला. तो मला येत नव्हता, विचारायची लाज वाटली. ॲलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळी झाले.

त्या शब्दाचा अर्थ औषध सोसत नाही असा. तिला नोव्होकेनचा, म्हणजे जागा बधिर करायच्या औषधाचा, त्रास होता. सिस्टरने इंजेक्शन भरायच्या आधी आपल्या सवयीने पुन्हा विचारलं म्हणून वाचलो, ती बाई आणि मी दोघी. सिस्टर रागावली नाही. माझ्या कागदावरच्या ‘नाही’ला लाल पेनाने गोल केला आणि तो कागद आठवडाभर ड्युटीरूमच्या भिंतीवर राहिला.

त्या दिवसापासून माझी पद्धत अशी. न कळलेला शब्द तिथेच थांबवून पेशंटकडूनच वहीत लिहून घ्यायचा. ॲलर्जी, चालू औषधं, गर्भ आणि आधीचं ऑपरेशन, हे चार प्रश्न दोन वेगवेगळ्या वाक्यांत दोनदा विचारायचे. लाज वाटली तरी.

रात्रपाळी

‘देझूरस्त्वा’ म्हणजे ड्युटी. विभागप्रमुखाला विचारून आठवड्यातून एक रात्र मागून घ्या. बहुतेक जण हो म्हणतात, कारण मागणारेच कमी. दिवसा ज्या डॉक्टरला मान वर करायला फुरसत नसते तो रात्री दोनला चहा पिताना एक्स-रे समजावून सांगतो. टाके घालायला, आयव्ही लावायला, कॅथेटर टाकायला मी रात्रीच शिकले. प्रसूतिगृहात, तिथे त्याला ‘रोददोम’ म्हणतात, शिरकाव मिळवणं जड जातं, मुलांना तर फारच. सुईणबाईंशी ओळख काढा, आधी फक्त बाळ पुसायला उभे राहा.

जे कराल ते कोणीतरी शेजारी उभं असताना करा. तुमच्याकडे तिथला परवाना नाही. “कर, कर, काही होत नाही” म्हणत डॉक्टर बाहेर सिगारेट ओढायला गेला तर तुम्हीही बाहेर या.

केस लिहिणं

रशियन पद्धतीत विद्यार्थ्याला पूर्ण केसपेपर लिहावा लागतो, ‘इस्तोरिया बालेझ्नी’. दहा-बारा पानं. पोरं सीनियरची उतरवतात. ती उतरवू नका, कारण सहा वर्षांत तुमच्या हाताला लागणारी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. मशीन कमी म्हणून असेल, पण तिकडचे जुने डॉक्टर बोटांनी ठोकून छाती आणि पोट जे वाचतात ते पाहण्यासारखं असतं.

एक अडचण मात्र आहे. तिकडची नावं वेगळी. पोट दाबून हात झटकन उचलल्यावर दुखतं त्याला ते श्चोतकिन-ब्लूमबर्ग म्हणतात, आपल्या परीक्षेत ‘रिबाउंड टेंडरनेस’ येतं. मूत्रपिंडावर हलका ठोसा मारून पाहतात तो पास्तेरनात्स्की. बीपी म्हणजे ‘आ-दे’, सोनोग्राफी म्हणजे ‘ऊझी’. वहीत तीन रकाने ठेवा: तिकडचं नाव, इंग्रजी नाव, आणि आपला पेशंट काय म्हणेल ते. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, गावी आल्यावर भरतो.

सुट्टीत गावी

उन्हाळी सुट्टी बहुधा जुलै-ऑगस्टची. नेमका आपल्याकडे पावसाळा, आणि साप निघायचे, हगवणीचे दिवस. फवारणीचा हंगामही सुरू होत असतो. तिकडे हे काही दिसत नाही. किर्गिझस्तान तर २०१६ पासून मलेरियामुक्त आहे, आणि आपल्याकडे गडचिरोलीत हिवताप अजून ठाण मांडून बसलेला.

म्हणून सुट्टीतले तीन आठवडे ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतं, आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. साधा अर्ज लिहायचा, विद्यापीठाचं ओळखपत्र जोडायचं आणि निरीक्षणासाठी परवानगी मागायची. वर सांगितलेल्या कलमामुळे हे दिवस तुमच्या कोर्समध्ये मोजले जाणार नाहीत, प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. पाहायला जा. ॲट्रोपिन हा उतारा दिल्यावर फवारणीच्या विषबाधेच्या पेशंटची छाती कशी कोरडी होत जाते, ते एकदा स्टेथोस्कोपने ऐका. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसं दगावली, त्याबद्दल तिथले जुने कर्मचारी जे सांगतात ते बसून ऐका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारी पंचविशीतली पोरं पाहा.

आणि गावाला आवरा. दुसऱ्या वर्षापासूनच तुम्ही ‘डाक्टर’ होता. माझ्याकडे शेजारची काकू शुगरचा रिपोर्ट घेऊन यायची, मामा म्हणायचे, “एक सलाईन लावून दे ना माय, ताकद नाही अंगात.” लावायची नाही. नोंदणीशिवाय सलाईनही नाही आणि गोळीही नाही. रिपोर्ट वाचून समजावा, सरकारी दवाखान्यात सोबत जा. लोक नाराज होतात, होऊ द्या.

कागद

थोडक्यात सांगते. लॉगबुकवर सही त्या त्या महिन्यात घ्या, डॉक्टर बदलून जातात. कोणत्या विभागात किती आठवडे होतात त्याचं पत्र तारखांसकट, शिक्क्यासकट, इंग्रजी भाषांतरासकट. पासपोर्टवरचं आणि दहावीच्या सनदेवरचं नाव अक्षरशः एक हवं. वडिलांचं नाव मध्ये आलं-गेलं की महिने जातात. पदवीवर दूतावासाचा शिक्का किंवा अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) तिथून निघायच्या आधी करून घ्या.

परत आल्यावर

एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीधरांनी भारतात द्यायची पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत. ३०० प्रश्न, १५० ला पास, चुकीला गुण कापत नाहीत. पास होणारे बहुतेक वेळा पाचात एकाच्या आसपास असतात. ३०० पैकी २०० प्रश्न क्लिनिकल विषयांचे, त्यातले ३० कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे. ते ३० तिकडे कोणी शिकवत नाही, कारण ते आपल्या देशाच्या कार्यक्रमांवर असतात. सुट्टीत आरोग्य केंद्रात बसला असाल तर लसीकरणाचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. ही परीक्षा जाऊन नेक्स्ट ही सगळ्यांसाठी एकच परीक्षा येणार अशी चर्चा कधीपासून चालू आहे. आली तरी पेशंट न पाहिलेल्याला तीही सोपी जाणार नाही.

मग राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्यातले १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे. शहरातली मुलं हे आठवडे कसेबसे ढकलतात. तुम्ही ढकलू नका.

गेल्या पावसाळ्यात पहाटे पाचला एका पोराला आणलं. बाप म्हणाला, “बाई, याले पान लागलं.” माझ्यासोबतचा इंटर्न मुंबईचा, हुशार मुलगा. त्याने पोराचं तोंड उघडून पाहिलं, कोणतं पान खाल्लं म्हणून विचारू लागला. पान लागणं म्हणजे साप चावणं, रात्री सापाचं नाव घेत नाहीत म्हणून. “पोटात दुखून रायलं म्हणते, डोये उघडून नाई रायले,” बाप सांगत होता. पोरगा खाली जमिनीवर झोपलेला, दाताची खूण नाही, सूज नाही, पापण्या मात्र खाली आलेल्या. मण्यार. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर चालणारं एकच अँटीव्हेनम फ्रीजमध्ये होतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना उठवलं, ते आले, अँटीव्हेनम सुरू केलं आणि अम्बूबॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन १०८ मध्ये बसून मी यवतमाळपर्यंत गेले. पोरगा आठ दिवसांनी घरी आला.

बिश्केकमध्ये मी मण्यारचा एकही पेशंट पाहिला नव्हता. पण कळेपर्यंत विचारायचं, ते तिथे शिकले होते. त्या मुंबईच्या इंटर्नने मग दुकानातून वही आणली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: पान लागणं. त्याच्या वहीत आता माझ्यापेक्षा जास्त शब्द आहेत. आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत कोलाम आदिवासींचे दोन पोड (पाडे) आहेत, तिथे आमचं दोघांचंही मराठी कमी पडतं. दर बुधवारी आशाताई आम्हाला दोघांना समोर बसवून कोलामीचे पाच शब्द देतात, आणि पुढच्या बुधवारी म्हणून घेतात.